हात धुवायच्या नळाखाली

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही मागच्या बाकावर कोण काय करतंय ते मला कळतं. वर्ग सुटला तरी ही सवय सुटत नाही. घरात नवऱ्यालाही मी अधूनमधून हात वर करायला लावते, असं तो बाहेर सांगत फिरतो. ते अर्धं खरं आहे.

साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात आमची शाळा मुलांसाठी बंद झाली आणि मुंबईहून येणाऱ्या माणसांसाठी उघडली. गावात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने चौदा दिवस शाळेत राहायचं असा हुकूम होता. त्यांच्यावर लक्ष ठेवायला दोन शिक्षक, त्यातली मी एक. हातात ताप मोजायचं ते पिस्तूल, तोंडाला मास्क, समोर माझ्याच वर्गात बाकं बाजूला सारून झोपलेली मोठी माणसं. त्यातली कितीतरी माझ्याच हाताखालून गेलेली. त्यांनी मला पाहिलं की आपोआप उठून उभी राहायची, आणि मला उगाच बरं वाटायचं.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या थोरल्या जावेची आहे.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपासून थोडं आत. गावाच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याची एक विहीर आहे आणि तिच्याखाली आमची दोन एकर जमीन. पावसाळ्यात भात, भात निघालं की कलिंगडं. माझे मोठे दीर होते तोवर ते आणि जाऊ मिळून ही शेती करायचे. माझा नवरा लहानपणापासून गाड्यांच्या मागे. तो उरणच्या बंदरातून माल घेऊन ट्रेलर चालवतो, कधी गुजरात, कधी कर्नाटक. त्याला शेतातलं फक्त कलिंगड कळतं, तेही कापल्यावर.

दीर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीत जमिनीचा विषय निघाला. आमच्या बाजूला आता शेतांपेक्षा फार्महाऊसं जास्त झाली आहेत. असाच एक मुंबईचा माणूस पांढऱ्या गाडीतून दोनदा येऊन विहीर बघून गेला होता. सातबाऱ्यावर दोनच नावं, माझ्या नवऱ्याचं आणि जावेचं. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. तो तिला म्हणाला, "वयनी, दादा न्हाय आता. तू एकटी किती राबशील? इकू आन् मोकलं होऊ." त्यात त्याचा लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही, पण तिची काळजीही होती. माणसाच्या मनात दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

जाऊ कमी बोलते. चौथीपर्यंत शिकलेली, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, हात रापलेले. ती भांडी घासता घासता म्हणाली, "भावजी, एक हंगाम द्या मना. मी एकटी कलिंगडं करून दाखवतं. हंगाम बुडाला त तुम्ही म्हणाल तिथं सही करीन."

"शब्द?"

"शब्द."

ते माझ्यासमोर ठरलं. तिने होतं नव्हतं ते बियाण्यात आणि खतात घातलं आणि कामाला लागली. जानेवारीत वेल पसरले, फेब्रुवारीत फुलं, मार्चमध्ये शेतात पाय ठेवायला जागा नाही इतकी फळं. मी शाळेतून येताना रोज बांधावर थांबायचे. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी हसू बघितलं. वाशीच्या बाजारातला व्यापारी येऊन बघून गेला, गुढीपाडव्यानंतर टेम्पो लावतो म्हणाला. आणि पाडव्याच्याच सुमाराला देश बंद झाला.

व्यापारी आधी म्हणाला, दोन दिवस थांबा. मग म्हणाला, बाजारच बंद आहे. मग त्याने फोन उचलणं सोडलं. रस्त्याच्या कडेला ढीग मांडावा म्हटलं तर अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीच नव्हती. कलिंगड काही कांदा नव्हे की माळ करून आढ्याला टांगावी. पिकलं की पिकलं, त्याला थांबवता येत नाही.

त्याच दिवसांत शाळेत पहिली माणसं आली. त्यात एक बाई होती, पनवेलपासून नवऱ्याबरोबर चालत आलेली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलीचे ओठ सुकून फुटले होते. गावातली दुकानं बंद, घरून डबा यायला संध्याकाळ होणार. मी तिला माठातलं पाणी दिलं, पण पोर पाणी पिईना, नुसती मान फिरवायची. मला काय सुचलं कोण जाणे, मी स्कूटर काढली आणि सरळ शेतावर गेले.

"ताई, दोन कलिंगडं दे. शाळेत पोर हाय एक."

जावेने विचारलंसुद्धा नाही कुणाचं पोर. शेतात शिरली, चार कलिंगडांना टिचकी मारून बघितली, ती सोडली, पाचवं घेतलं. "देयाचं त चांगलं देयाचं," एवढंच म्हणाली. दोन मागितली होती, तिने सहा दिली. स्कूटरवर सहा कलिंगडं कशी नेली ते विचारू नका. एक वाटेत पडलंच.

त्या मुलीने फोडीत तोंड खुपसलं ते सालीपर्यंत गेली. सगळे बघत होते. मग सगळ्यांनीच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी हातगाडी उभी. मासळी विकणाऱ्या शेजारणीची गाडी, धंदा बंद म्हणून पडून होती, ती जावेने मागून आणलेली. वर रचलेली कलिंगडं. त्यांना सुक्या बोंबलाचा वास येत होता, पण कुणी तक्रार केली नाही. आणि मग ती रोजच यायला लागली. शाळेत देऊन उरलेली गावात घरोघर, आजारी माणसांच्या दारात, खाडीपलीकडून चालत येणाऱ्यांना रस्त्यात. फाटकाच्या आत यायला बंदी होती, म्हणून ती बाहेर उभी राहून एकेक कलिंगड आत गडगडत सोडायची आणि आतले लोक पकडायचे. आधी चेहरे पाडून बसणारी माणसं त्या वेळेला फाटकाकडे डोळे लावून बसायला लागली.

मी मात्र नियमाची माणूस. मी खडूने गोल आखले, प्रत्येकाने आपापल्या गोलात बसायचं. जागा ठरवली हात धुवायच्या नळापाशी, भिंतीच्या कडेने, म्हणजे खाऊन झालं की तिथंच साबण लावायचा. भिंतीवर मी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली होती, 'येथे थुंकू नये'. रोग थुंकीतून पसरतो हे मी रोज सकाळी ओरडून सांगायचे. आणि कलिंगड न थुंकता कसं खायचं हे मात्र मला कुणाला सांगता येईना. एकदा मी पाठ फिरवली तर मागे पुरुषमंडळींची, कुणाचं बी लांब जातं, अशी शर्यत लागलेली. शाळेच्या वयात असते तर सगळ्यांना मी अंगठे धरून उभं केलं असतं. सालं जाऊ म्हशीसाठी परत न्यायची.

एप्रिलच्या सुरुवातीला माझा नवरा गुजरातेतून ट्रेलर घेऊन आला. त्यालाही सोडला नाही. घर दोनशे पावलांवर असून चौदा दिवस शाळेत ठेवला. तो भिंतीच्या कोपऱ्यात, बरोबर माझ्या पाटीखाली बसायचा आणि दिवसाला दोन कलिंगडं एकटा फस्त करायचा. वहिनीने फाटकातून आत सोडलेली. मी दहा पावलांवरून त्याच्यावर ओरडायचे, तो बी तोंडात धरून हात वर करायचा. चौदा दिवस त्याने शेतीचा विषय काढला नाही. सुटल्यावर मात्र पहिल्याच रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "एक पैका न्हाय आला ना शेतातून? मंग आता पावसाआधी त्या गाडीवाल्याला फोन करू." मी ताट आपटलं. पण शब्द शब्द होता, आणि पैसा आला नव्हता हेही खरं होतं.

मेच्या मध्यावर गावात बातमी आली की टाळेबंदीत ज्यांचा नाशवंत माल शेतात पडून राहिला त्यांना सरकार एकरामागे काहीतरी मदत देणार आहे. याद्या करायला कृषी सहाय्यक येतील, शेतात उभं राहून फोटो काढतील, पंचनामा होईल. आमच्या गावात कलिंगडं करणारे आठ-दहाजण. त्यांची शेतं बघवत नव्हती. फळं फुटलेली, आंबलेली, माश्यांचे थवे, बांधावरून जाताना नाकाला पदर. मन विटून त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

आणि जावेचं शेत आरशासारखं लख्ख. एक वेल नाही, एक साल नाही. एका कोपऱ्यात नुसता काळा चौकोन.

तो चौकोन म्हणजे राब. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी त्या वाफ्यावर पालापाचोळा, गवत, शेण, जे मिळेल ते पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राबाची वेळ आली की हात थांबत नाहीत. जग बुडो, राब भाजलाच पाहिजे. जावेने वेल उपटले, वाळवले, पाचोळ्यात घातले आणि भाजून टाकले. शेत असं साफ केलं की दीर असते तर शाबासकी दिली असती. आपण आपल्या हाताने पुरावा जाळतोय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

कृषी सहाय्यक आले तेव्हा मी मुद्दाम शेतावर गेले होते. माणूस चांगला होता, पन्नाशीचा, मास्क नाकाखाली, मोबाइलवर बोट. त्याने शेताकडे पाहिलं, मग जावेकडे.

"मावशी, माल कुठाय?"

"ग्येला."

"विकला?"

"न्हाय. खाल्ला."

"दोन एकरांतला?"

"मी एकटीनं न्हाय खाल्ला. लोकांनी खाल्ला."

त्याने डोकं खाजवलं. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "असं करू. शेजारच्या बांधावर उभ्या राहा, मी तिथला फोटो घेतो. 'माल सडून नुकसान' असं लिहितो. सगळ्यांचं तेच लिहिलंय. तुमचंही नुकसान खरंच आहे ना?"

मी म्हणणार होते, हो हो, उभी राहते ती. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "माझं येकबी सडलं न्हाय, साहेब. तसं लिवू नका."

"अहो मावशी, नुसता शब्द आहे."

"मी निवडून निवडून दिलीत. ज्यांनी खाल्लं त्यांनी काय सडकं खाल्लं?"

त्याने मोबाइल खिशात घातला. परवा यादी तालुक्याला द्यायची आहे, तोवर विचार करा, एवढं सांगून पुढच्या शेताकडे गेला.

मग माझा तोल सुटला. बांधावर उभं राहून मी तिला नको नको ते बोलले. तुझा हा खरेपणा चुलीत घाल म्हणाले. सरकार देतंय, घे, सही कर, पुढच्या हंगामाचं बियाणं येईल, नाहीतर जमीन गेलीच म्हणून समज. ती ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "बाय, तू शिकलेली. जरा इचार कर. मी नुकसान झालं म्हून सही केली, मंग भावजी काय बोलतील? हंगाम बुडाला. मीच लिवून दिलं. मंग जमीन कशी ऱ्हाईल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नुकसान म्हटलं तर मदत मिळेल आणि दिलेल्या शब्दाने जमीन जाईल. नुकसान नाही म्हटलं तर मदत नाही, बियाणं नाही, आणि जमीन तशीही जाईल. ती बाई हे सगळं आठवडाभर एकटी मनात घोळवत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, पहिलं कलिंगड मागायला गेले होते मीच. मी स्कूटर काढली नसती तर तिचंही शेत इतरांसारखं सडलं असतं आणि यादीत तिचं नाव बिनबोभाट लागलं असतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आन् ती पोर?"

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले ते डोकं जड घेऊन. शेवटची माणसं दोन दिवसांपूर्वी सुटली होती, वर्ग धुवायचे होते. बादली भरायला नळावर गेले. नळाखाली रान माजलं होतं, ते मी दोन आठवडे बघत होते. कुणीतरी उपटा रे, म्हणूनही झालं होतं, पण ऐकायला माणूस नव्हता. त्या दिवशी बादली भरेपर्यंत काही काम नव्हतं म्हणून खाली बघितलं.

ते रान नव्हतं. खोल कातरलेली पानं, कुरळे तणावे, बोटाच्या पेराएवढी पिवळी फुलं. कलिंगडाचे वेल! नळापासून भिंतीच्या कडेने पार कोपऱ्यापर्यंत. दिवसातून शंभरदा हात धुतलेलं पाणी, साबणाचं, फवारणीच्या औषधाचं, ते सगळं पिऊन वर आलेले. थुंकलेल्या प्रत्येक बीतून. माझ्या पाटीखालच्या कोपऱ्यात तर सर्वांत दाट, आणि तिथल्या एका वेलाला लिंबाएवढं, लव असलेलं फळ धरलं होतं. वर माझ्याच हस्ताक्षरात, 'येथे थुंकू नये'.

मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले आणि हसायला लागले. बादली भरून वाहत होती. तीस वर्षांत माझी आज्ञा इतक्या जणांनी मोडल्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

कृषी सहाय्यकांना फोन केला. म्हटलं, साहेब, पंचनामा करायचा आहे, पण शेतात नाही, शाळेत या. त्यांना वाटलं उन्हाचा त्रास झाला असावा. तरी आले. जावेला निरोप दिला. नवऱ्याला मात्र काही न सांगता घेऊन गेले, कारण सातबाऱ्यावर त्याचं नाव, आणि पैसे जावेच्या एकटीच्या खात्यात जायचे तर त्याची संमती हवी. पंच म्हणून पनवेलहून चालत आलेली ती बाई आणि तिचा नवरा आले. बाईने दारातच विचारलं, "पंच बाईमानूस चालतं का?" मी म्हटलं, शाळा माझी आहे, इथे चालतं. साहेबांनीही मान डोलावली.

साहेबांनी वेल बघितले, वरची पाटी बघितली, पुन्हा वेल बघितले. मास्कच्या आत ते हसतायत हे खांद्यावरून कळत होतं. मग मी नवऱ्याला पुढे बोलावलं, अगदी फळ्याजवळ बोलवावं तसं. विचारलं, "तुम्ही चौदा दिवस इथे होतात. सांगा साहेबांना. वहिनीचा माल सडला की काय झालं?"

तो मला ओळखून आहे. काहीतरी डाव आहे हे त्याला कळलं असणार. त्याने जावेकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग त्याने कोपऱ्यातला तो दाट वेल बघितला, आपली बसायची जागा, आणि खाली वाकून ते लिंबाएवढं फळ दोन बोटांनी जरा उचललं.

"सडलं न्हाय," तो म्हणाला. "खाल्लं. मी सोता रोज दोन खाल्लीत."

"कशी होती?" साहेबांनी विचारलं. हे काही पंचनाम्यात लिहायचं नसतं.

"दादाच्या हातची असायची तशीच," नवरा म्हणाला आणि बाजूला झाला.

जावेने तोंडाला पदर लावला. मी नळ बंद करायला गेले, तो आधीच बंद होता.

साहेबांनी कागद काढला. 'नुकसानीचे कारण' या रकान्यापाशी थांबले आणि जावेला विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, "लिवा, इकायला जागा नव्हती म्हून खाऊ घातलं." साहेबांनी ते जरा सरकारी भाषेत बसवलं. बाजारपेठ बंद असल्याने माल विकता आला नाही, तो विलगीकरणातील व गावातील लोकांना विनामूल्य वाटण्यात आला, शाळेच्या आवारात त्याच मालाच्या बियांतून उगवलेले वेल पंचांसमक्ष पाहिले. आधी पंचांच्या सह्या झाल्या. त्या बाईने आपलं नाव अक्षर अक्षर लावत लिहिलं. मग संमतीपत्र नवऱ्यासमोर ठेवलं. त्याने पेन हातात घेतलं आणि जावेला म्हणाला, "वयनी, हंगाम बुडाला न्हाय. मी चाखलाय." आणि सही केली.

साहेब जाताना प्रामाणिकपणे बोलले. वर चालेल की नाही सांगता येत नाही, असं कारण मी आजवर लिहिलेलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, भिंत पडली, पाटी आणि वेल दोन्ही चिखलात गेले. त्या नुकसानीचे कागद निराळे झाले आणि सगळं गाव त्याच्यामागे लागलं. गणपतीत इतरांच्या खात्यात कलिंगडाचे पैसे आले. जावेचे नाहीत. तालुक्याला विचारलं तर तपासणीत आहे म्हणाले. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा भांडले, तिसऱ्या वेळी तिथल्या कारकुनाने मला पाणी आणून दिलं. जाऊ मात्र शांत होती. भाताची लावणी केली, बेणणी केली, कापणी केली. नवऱ्यानेही पांढऱ्या गाडीचं नाव काढलं नाही. पण बियाण्याचं काय करायचं हे कुणीच बोलत नव्हतं, आणि थंडी पडायला लागली होती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी सकाळी ती माझ्या अंगणात आली. मोबाइल हात लांब करून धरलेला, तिला चष्मा लागलाय पण ती तो वापरत नाही. "बाय, ह्ये वाच."

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. खात्यात पैसे आले होते, एकराला इतरांना मिळाले तेवढेच, पूर्ण दोन एकरांचे. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडते, म्हणून मी म्हटलं, "चष्मा लाव ना, किती वेळा सांगितलं." ती हसली. म्हणाली, "लावतं. आधी बियानं आनूया."

वरच्या कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी बसून ते कारण वाचलं असणार. वाचून हसलं असेल, नाहीतर कपाळाला हात लावला असेल, पण कागद बाजूला टाकला नाही. त्या माणसाला मी ओळखत नाही. सरकारला मी आयुष्यभर नावं ठेवत आले आणि पुढेही ठेवीन, पगार त्याच्याकडून घेत असले तरी. त्या एका अनोळखी माणसाला मात्र मी सूट दिली आहे.

डिसेंबरात जावेने पुन्हा बी लावलं. एक रविवार मीही गेले. बी टोकताना माझी कंबर गेली आणि तिने माझी ओळ वाकडी आहे म्हणून पुन्हा लावायला लावली. मी तीस वर्षं पोरांना हेच करत आले, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. रस्त्याच्या कडेची शेवटची ओळ तिने स्वतः लावली. मी विचारलं ही थोडी लांब का, पाणी पोचायला त्रास होईल. ती म्हणाली, असू दे.

मार्चमध्ये वाशीचा तोच व्यापारी आला, टेम्पो घेऊन. वर्षभरापूर्वी फोन न उचलल्याबद्दल मी त्याला दोन शब्द सुनावले, त्याने कान पकडले. नवरा त्या आठवड्यात घरी होता. जाऊ शेताच्या मध्यात वाकून टिचक्या मारत फळं निवडत होती, म्हणून व्यापाऱ्याबरोबर तोच बांधावरून फिरत होता आणि मी त्यांच्या मागे. व्यापाऱ्याने सगळं शेत बघितलं, भाव ठरला. मग त्याने कडेच्या ओळीकडे बोट दाखवलं.

"ही पण भरायची ना?"

"ती न्हाय," नवरा म्हणाला. "ती शाळंची हाय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. ही गोष्ट जावेने मला सांगितली नव्हती, त्यालाही सांगितलेली नव्हती. त्याची त्यालाच कळली होती.

"शाळेने विकत घेतली?" व्यापाऱ्याने विचारलं.

"न्हाय. कोन वाटंनं आला, गेला, त्यांच्यासाठी."

व्यापारी हसला. हिशेबी माणूस, त्याने मनात ओळीतली फळं मोजली असणार. "म्हणजे पुढल्या वर्षी पण ही ओळ सोडूनच भाव करायचा?"

शेताच्या मध्यात जावेचा हात टिचकी मारता मारता थांबला. तिला तिथवर ऐकू आलं होतं.

"व्हय," माझा नवरा म्हणाला, जरा मोठ्याने, तिला नीट ऐकू जावं म्हणून. "पुढल्या वर्षीबी."